सतरा नंबरचा पाटा

शिवलिंग मठपती नऊ वर्षांपासून सोनपेठला निघालेला होता. परभणीहून सोनपेठ म्हणजे काही विलायत नव्हे. एसटी वेळेवर सुटली, वाटेत टायर बसलं नाही आणि नामांतराच्या पायी कुणी रस्ता अडवला नाही, तर सकाळी निघालेला माणूस दुपारी घरच्या ताटावर. पण शिवलिंगचं निघणं मनातल्या मनात व्हायचं. देहानं तो कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात, दगडांच्या खोलीत असायचा.

त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर कुणीतरी फार पूर्वी कपाट ठेवलं होतं. कपाटात दगड, त्यामुळे ते हलवायचा विचारही कुणी केला नव्हता. शिवलिंगचा हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे दगड पुसायचे, मांडायचे, आणि पोरांनी चुकीच्या खणात ठेवले की शिव्या न देता बरोबर खणात ठेवायचे. रात्रीची राखण तोच करतो म्हणून पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत त्याला झोपायची परवानगी होती. खाट, ट्रंक, देवळी. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायला बसला की समोर काळा बसाल्ट, उजव्या हाताला गारगोट्या. पोरं म्हणायची, "आप्पा, तुमच्याकडं देवाचा कच्चा माल भरपूर हाय."

सोनपेठात त्याची आई बसम्मा चार वर्षांपासून एका अंगानं लुळी होऊन पडून होती. तिला उचलणं, पुसणं, भरवणं, सगळं त्याची बायको उमादेवी करायची. पदरात दोन पोरी. बसम्माला परभणीला आणायचं म्हटलं तर पत्र्याच्या खोलीत ठेवायचं कुठं, आणि दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या म्हटलं तर म्हातारी उंबऱ्याबाहेर निघायला तयार नव्हती. शिवलिंग महिन्यातून एकदा जायचा आणि सोमवारी पहाटे परत यायचा. ह्या ये-जा करण्याला कुणी संसार म्हणत नाही. पण दुसरा शब्दही सापडत नाही.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात हुकूम आला. कॉलेज ज्या संस्थेचं, तिचीच सोनपेठात शाळा होती. तिथला परिचर रिटायर झाला होता. शिवलिंगचा सातवा अर्ज मंजूर झाला. एक जानेवारीच्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस सटवाजी नावाचा होता, आणि तो आत्ताच शाळेच्या फाटकासमोर रोज चहा प्यायला बसतो, अशी खबर उमादेवीनं पोस्टकार्डावर कळवली होती.

हुकमात शेवटी एक ओळ होती : चार्ज दिल्यानंतर कार्यमुक्त करावे.

चार्ज घ्यायचा होता लड्डा सरांना. बन्सीधर लड्डा मुळात रसायनाचे. भूगर्भाचा विभाग त्यांच्या गळ्यात अडकवला होता, कारण तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मावत नव्हता. देवगाव फाट्याहून रोज ये-जा करायचे. तरुणपणी त्यांनी न मोजता एका प्रयोगशाळेचा चार्ज घेतला होता, त्यात एक सूक्ष्मदर्शक कमी निघाला, आणि त्या चौकशीची उत्तरं लिहिता लिहिता त्यांचे सहा वर्षांत केस पिकले होते. तेव्हापासून ते घरी आलेल्या पेपराची पानंही मोजून घेत.

"शिवलिंग, एकेक दगड बघणार," ते म्हणाले. "यादीतलं वर्णन, लांबी, रुंदी, वजन. जुळलं तर टिक. एक जरी कमी असला तर मी सही करणार नाही. राग मानू नको."

"राग कशाचा सर. आमचे दगड पळून थोडेच चाललेत."

म्हणाला खरा. पण एक दगड पळाला होता, आणि शिवलिंगनं स्वतः त्याला डोक्यावर घेऊन पळवला होता.

विभागात दगड हजारभर असतील, पण यादी एक्केचाळीस दगडांची होती. हे हिमालयातले. आणले होते मुंजाजी कच्छवे सरांनी, आणि उचलले होते शिवलिंगनं. कच्छवे सर दैठण्याच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. अख्ख्या मुलखात एकच जातीचा काळा खडक, आणि ह्या माणसाला वेड लागलं बर्फाचं. जुन्या काळी डोंगरावर बर्फ कुठवर उतरला होता आणि मागं कधी हटला, हे त्यांना काढायचं होतं. पंच्याऐंशीपासून तीन उन्हाळे ते लाहौलच्या एका दरीत गेले. सोबतीला शिवलिंग, कारण प्राध्यापकांपैकी कुणाची तयारी नव्हती आणि शिवलिंगला कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात ते दोघं तीन दिवस तंबूत कोंडले गेले. बाहेर हिमवादळ. आत दोन माणसं, एक स्टोव्ह, आणि घोंगडीत गुंडाळलेले दगड. कच्छवे सरांना बोलल्याशिवाय राहवत नसे.

"शिवलिंग, ही अख्खी दरी बर्फाखाली होती."

"आता बी हाय की सर."

"ह्याला बर्फ म्हणायलास? हजार हजार हात जाड, बाबा. आन ते जाग्यावर बसत न्हाई. दाढेत दगडं धरून खाली सरकतं. खालचा खडक घासून आरशावाणी करतं, त्याच्यावर रेघा ओढतं. त्या रेघा जितक्या लांब सापडल्या तितका बर्फाचा पसारा."

"आन गेलं कवा?"

"हां! आता इचारलंस." सर अंगावरचं घोंगडं टाकून उठून बसले. बाहेरदेशी नवीन युक्ती निघाली होती, ती त्यांनी नुकतीच वाचली होती. आभाळातून डोळ्याला न दिसणारे कण रात्रंदिवस पडत असतात. ते उघड्या खडकाच्या वरच्या थरात शिरतात आणि तिथं एक वेगळंच द्रव्य तयार करतात. लय थोडं, पण हजारो वर्षं साचत राहतं. वर जाड बर्फ असला की खालच्या खडकापर्यंत काही पोचत नाही. बर्फ हटला की साचायला सुरुवात. किती साचलं ते मोजलं की खडक उघडा पडून किती वर्षं झाली ते कळतं. दरीच्या तळाचा खडक आधी सुटलेला, वरचा नंतर. असे एकावर एक मोजत गेलं की बर्फ कसा पाऊल पाऊल मागं हटला त्याचा हिशेब लागतो.

"म्हंजी बर्फाखाली होता तवर त्याची वर्सं धरायचीच न्हाईत?"

"न्हाईत धरायची."

शिवलिंगनं आपल्या नोकरीची वर्षं मनात मोजली आणि स्टोव्हला पंप मारला.

वादळ थांबल्यावर त्यांनी सतरा नंबर काढला. आजच्या बर्फाच्या तोंडापासून थोडंच खाली, एका कड्यावर. छिन्नीच्या चार घावांत अख्खी चीप सुटली. हातभर लांब, वीतभर रुंद, तीन बोटं जाड, पांढुरकी, आणि वरून अशी गुळगुळीत की शिवलिंगला तिच्यात स्वतःच्या नाकाची सावली दिसली. सर म्हणाले, एवढी मोठी लागत न्हाई. शिवलिंग म्हणाला, तोडायला जीव होत न्हाई. तेरा किलो. दोन दिवस त्यानं ती पाठीवर वागवून खाली आणली.

नव्वद साली सर परदेशी गेले. जाताना बजावलं, "दगडाच्या वरच्या अंगाला खडूची रेघसुद्धा लावू नको. जे काय हाय ते वरच्या दोन-तीन बोटांतच हाय." मग वर्षभर पत्रं आली : प्रयोगशाळेला वेळ नाही. मग पत्रंही आली नाहीत. एक्केचाळीस दगड खणांत धूळ खात पडले आणि शिवलिंग त्यांची धूळ पुसत राहिला.

तो जेवायचा मनकर्णाबाईंच्या खानावळीत. ताडकळसच्या, विधवा, तोंडानं फटकळ, पण शिवलिंगला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस भाताची पेज घेऊन पत्र्याच्या खोलीत ह्याच बाई आल्या होत्या. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांचा पाटा फुटला. वरवंटा हातातून सुटला आणि पाट्याचे दोन तुकडे. जेवणाऱ्यांच्या पंगतीत हळहळ चालली होती. तेव्हा शिवलिंगच्या तोंडून निघून गेलं, "आक्का, माझ्याकडं असा एक दगड हाय की तसला पाटा सात जिल्ह्यांत सापडायचा न्हाई."

"मंग आण की मेल्या. का पूजा करायलास त्याची?"

चार दिवसांसाठी म्हणून नेलेला सतरा नंबर अडीच वर्षं तिथं राहिला. शिवलिंग रोज त्याच्यावरची चटणी खात होता आणि रोज ठरवत होता की उद्या आणू. विचारायला कोण येणार होतं?

विचारायला आलं ते पत्र. वीस डिसेंबरला लड्डा सरांच्या टेबलावर परदेशी तिकिटाचं पाकीट पडलं. कच्छवे सरांनी लिहिलं होतं : प्रयोगशाळेनं वेळ दिली आहे, सहा दगड पाठवावेत, आणि त्यात काहीही झालं तरी सतरा नंबर हवा. शेवटचा बर्फ कधी हटला ते फक्त तोच सांगू शकतो.

शिवलिंग त्याच दुपारी खानावळीत गेला. "आक्का, पाटा द्या."

"घे ना. तुझाच हाय. पण आधी बघ तरी, कसा नवा करून घेतलाय." मनकर्णाबाईंनी फडक्यानं पाटा पुसून त्याच्यापुढं सरकवला.

वरचं सगळं अंग बारीक बारीक खड्ड्यांनी भरलं होतं. ओळीनं, एकसारखे, देवीचे व्रण असावेत तसे. आरसा गेला होता. रेघा गेल्या होत्या. खड्ड्यांत लाल मिरची बसली होती.

"हे काय केलंत?"

"काय म्हंजी? लय गुळगुळीत होता मेला. मिरची नुसती घसरायची, लसूण उडून तोंडावर यायचा. मी म्हणलं, आप्पानं आणला बिचाऱ्यानं, पर ह्याला टाकी कुणी लावलीच न्हाई. दिवाळीत बायनाबाई आली होती 'पाट्याला टाकी, जात्याला टाकी' वरडत, तिच्याकडून लावून घेतली. दीड तास ठोकत होती बाई. दोन छिन्न्यांची टोकं मोडली. म्हणली, असला कडक दगड जल्मात पाह्यला न्हाई." बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "का रं? चटणी चांगली व्हायली न्हाई का आता?"

चटणी चांगली व्हायली होती. दिवाळीपासून सगळी पंगत तेच म्हणत होती, शिवलिंगसुद्धा.

त्यानं खरं सांगितलं तेव्हा मनकर्णाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "सही झाली न्हाई तर बसम्मा?"

"तशीच पडून."

"थांब मग."

त्यांचा पुतण्या भुजंग फरशीच्या दुकानात दगड कापायचा. देगलूरकडचा पांढुरका दगड तिथं यायचा. आठ दिवसांत भुजंगनं सायकलच्या कॅरिअरला बांधून एक चीप आणली. हातभर, वीतभर, तीन बोटं. वजन तेरा किलोला पावशेर कमी. वरून मशिनीची झिलई, आणि त्यावर भुजंगनं पोलादी खिळ्यानं सहा-सात तिरप्या रेघाही ओढल्या होत्या. पाठीमागं पांढऱ्या रंगात १७.

"सरांच्या बापाला कळणार न्हाई," भुजंग म्हणाला.

खरंच कळलं नसतं. शिवलिंगनं तो सतराच्या खणात ठेवला आणि खरा पोत्यात घालून टेबलाखाली सरकवला. का सरकवला, फेकून का दिला नाही, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

लड्डा सर चार्जचा दिवस पुढं ढकलत होते. एकदा परीक्षा, एकदा बंद असल्यामुळे फाट्यावरून गाडीच आली नाही, एकदा त्यांचा चष्मा फुटला. शेवटी उजाडला तो एकतीस डिसेंबर, शुक्रवार. सोनपेठची गाडी साडेपाचला. शिवलिंगनं ट्रंक बांधली, खाट उभी केली, देवळी पुसली. पत्र्याची खोली एकदम परक्याची दिसायला लागली, आणि त्याला बरं वाटलं.

तीन वाजता सर फूटपट्टी आणि तराजू घेऊन बसले. एक. दोन. तीन. प्रत्येक दगड उचलायचा, पुढ्यात ठेवायचा, उलटा करायचा. सर पुटपुटत वाचायचे, मोजायचे, टिक करायचे.

"सतरा."

शिवलिंगनं भुजंगचा दगड पुढ्यात ठेवला. सरांनी त्याच्यावरून तळहात फिरवला. "वा! बर्फानं काय काम केलंय रे. आपल्या फरशीवाल्यांना जमायचं नाही." टिक.

अठरा. एकोणीस. एवढं सोपं होतं तर. वीस. आता हा दगड खोक्यात बसून समुद्रापार जाईल. एकवीस. तिथं मशिनीत घालतील. ह्या दगडानं आभाळ पाहिलंय कुठं? खाणीच्या पोटातून काढला तो मागल्या वर्षी. त्यात काही साचलेलंच नसणार. तेवीस. मशीन सांगणार, बर्फ गेला तो परवा गेला. लोक हसले तर कच्छवे सर बुडाले. आणि नाही हसले तर पुस्तकात छापून येणार, शिकणारी पोरं पाठ करणार. चोवीस. पंचवीस. साडेचार वाजले होते. बसम्माला उमादेवीनं सांगून ठेवलं असेल. सव्वीस.

"सर, सतरा पुन्ना बघा."

"बघितला की."

"त्यो न्हाई." शिवलिंगनं टेबलाखालचं पोतं ओढलं.

सगळं ऐकायला सरांना दहा मिनिटं लागली. मधे त्यांनी एकदा पाट्याला बोट लावून ते नाकाशी नेलं. "लसूण," ते म्हणाले. मग त्यांनी टिक खोडली. खोडलेल्या टिकेवर तारखेसह सही केली, कारण खाडाखोडीला सही लागते.

"अरे माणसा, मला कळलं नव्हतं. तू तासाभरात सुटला असतास."

"व्हय सर."

"मग?"

"दगड खोटं बोलला असता सर. आन त्याला मी शिकवलेलं असतं."

लड्डा सरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते. "यादीत लिहिलंय 'पृष्ठभाग चकचकीत, समांतर रेघा'. ह्याच्यावर काय लिहू? कच्छव्यांनी लेखी कळवलं की हाच तो आणि चालेल, तर मी त्याच मिनिटाला सही करतो. त्याआधी केली तर उद्या तू सोनपेठात आणि मी चौकशीत. मला दोन वर्षं राहिलीत रे."

"बरोबर हाय सर."

"बरोबर आहे म्हणू नको. भांड तरी."

पण शिवलिंगला भांडायलाही काही सापडेना. त्यानं उरलेले पंधरा दगड एकामागून एक पुढ्यात ठेवले, कारण काम अर्धं सोडायचं नसतं. साडेपाचला स्टँडवरून सोनपेठची गाडी गेली असणार. खोलीत ऐकू येत नव्हतं.

शनिवारी सकाळी सटवाजी चहा अर्धा टाकून फाटकातून आत गेला.

शिवलिंगनं सगळं खरं लिहून कळवलं, पण कच्छवे सरांचं उत्तर यायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला. जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं, गाड्या आठ दिवस बेभरवशाच्या झाल्या, टपालही रेंगाळलं. सरांनी शिवलिंगला वेगळं पत्र लिहिलं होतं. टाकीनं सूतभर थर गेलाय, खालचा शाबूत आहे, गेलेला थर धरून हिशेब करता येतो. मिरची-मिठाची काळजी नको, इथं दगड तेजाबानं धुतात. रेघांचे फोटो माझ्याकडे आहेत. तू सांगितलं नसतंस तर मात्र माझी आठ वर्षं पाण्यात गेली असती. लड्डा सरांनी ते पत्र यादीला टाचलं आणि सतरासमोर नवीन टिक केली. आता चार्ज पूर्ण होता. कार्यमुक्त होऊन जायला जागा तेवढी नव्हती.

त्याच दिवशी उमादेवी बसम्माची औषधं न्यायला परभणीला आली होती. ती दगडांच्या खोलीत पहिल्यांदाच येत होती. स्टुलावर बसली, कपाटाआडच्या खिडकीकडे बघितलं, आणि शिवलिंगनं वाचून दाखवलेलं पत्र शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी पाटा चालतो."

"चालतो."

"मग त्या दिशी सायेबानं सही केली असती तरी चाललं असतं."

"त्या दिशी कुणाला ठावं होतं?"

"आन तुमी गप बसला असता तर?"

"गप बसलो असतो तर घरी असतो."

"मला राग येऊ लागलाय," ती म्हणाली, "पण कुणाचा ते ठरंना. त्या बाईचा म्हणावं तर तिनं तुमाला पेज पाजली. सायेबाचा म्हणावं तर त्यो बी अडकलेला. तुमचा म्हणावं तर..." तिनं औषधांची पिशवी उचलली. "चला, स्टँडवर सोडा मला. आत्याबाई सकाळपासून पोरींच्या भरवशावर हायत."

साडेपाचची गाडी लागली होती. शिवलिंग पिशवी घेऊन आत चढला, तिला खिडकीची जागा धरून दिली आणि शेजारी बसला. औषधं कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, ते त्यानं दोनदा सांगितलं. धाकटीचा दात पडला का विचारलं. पडला होता. गाडी भरली. ड्रायव्हर येऊन बसला, इंजिन सुरू झालं, खिडक्या थरथरायला लागल्या, गाडी हलली, तरी शिवलिंग उठेना. उमादेवीनंही त्याला ऊठ म्हटलं नाही.

कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला. "कुठं?"

"सोनपेठ, एक," उमादेवी म्हणाली.

"आन पावणे, तुमी?"

"मला न्हाई जायचं," शिवलिंग म्हणाला.

"मग गाडी सुटल्यावर सांगता का राव? उतरा, उतरा."

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. गाडी स्टँडच्या फाटकाशी थांबली, आणि शिवलिंग उभ्या असलेल्या लोकांच्या पिशव्या ओलांडत दाराकडं निघाला.